कंपनीच्या बसची डावी खिडकी: कासारवाडी ते चिंचवड स्टेशन, पायी

हैदराबाद झालं, जयपूर झालं, उदयपूरच्या गल्ल्या झाल्या. एका दिवसात एक शहर पायी बघायचं आणि इथे येऊन त्यावर लिहायचं, हा माझा जुना उद्योग तुम्हाला माहीत आहे. गेल्या महिन्यात एका वाचकाने खाली शेरा मारला: ताई, परगावच्या फुटपाथचं कौतुक पुरे झालं, एकदा आपलं पिंपरी-चिंचवड चालून दाखवा. मला राग आला. राग यायचं कारण एवढंच की तो खरं बोलत होता. छत्तीस वर्षं मी या शहरात आहे आणि कासारवाडीहून निगडीपर्यंत एकदाही चालत गेलेले नाही. इथे चालत फक्त तोच जातो ज्याची गाडी पंक्चर झालेली असते.

तर ठरवलं. कासारवाडीतल्या आमच्या घरापासून निघायचं, जुना मुंबई-पुणे रस्ता धरायचा, पिंपरी कॅम्पात नाश्ता, चिंचवडगावात नदीकाठचं गणपतीचं देऊळ, दुपारी आकुर्डी, आणि संध्याकाळी निगडीला भक्ती-शक्तीच्या शिल्पापाशी बसून भेळ. आडवळणं धरून चौदा-पंधरा किलोमीटर. माझ्या पायांना हे काहीच नाही. शनिवारची सकाळ पक्की केली, बूट काढून ठेवले, आणि आदल्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, ‘‘मी बी येतो.’’

बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत. मूळ गाव औशाकडचं. गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत तेहतीस वर्षं मशिनवर उभं राहून त्यांनी गुडघे झिजवले आणि आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आई महिन्याभरापूर्वीच गावी गेली आहे, घराचे पत्रे बदलून घ्यायला. रविवारी बाबाही निघणार होते, कायमचे. इतकी वर्षं राहिलेलं शहर जाण्याआधी एकदा बघून घ्या, असं मीच चार वेळा म्हणाले होते आणि चारही वेळा त्यांनी हात झटकला होता. त्यामुळे ते आपणहून तयार झाले तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आला नाही. उलट मला भरून आलं आणि मी त्यांच्यासाठी गुडघ्याचा पट्टा शोधत बसले.

तुम्हाला आधीच सांगून टाकते, म्हणजे माझी पुढची चिडचिड तुम्हाला समजेल. बाबांना शहर बघायचंच नव्हतं. त्यांना एक माणूस शोधायचा होता. त्याचं आडनाव सावंत. पत्ता माहीत नाही, फोन नंबर नाही, फोटो नाही. होता फक्त एक स्टॉप आणि एक वेळ: चिंचवड स्टेशन, सकाळी सहा बारा. आणि हे मला निघण्यापूर्वी नाही, अडीच तास चालून झाल्यावर कळलं.

सहाला बाहेर पडलो. हवा छान गार होती, रस्त्यावर धूळ अजून बसलेली होती. पहिली पाचशे पावलं मी खूश होते. मग फुटपाथ सुरू झाला. ज्यांना हा प्रवास करायचा असेल त्यांच्यासाठी अनुभवाने सांगते: आपल्याकडचा फुटपाथ चालण्यासाठी नसतो, तो महापालिकेला फरशा बसवता याव्यात म्हणून असतो. तीस पावलं सुरेख फरशी, मग एका मिठाईच्या दुकानाचा जनरेटर, मग आडव्या लावलेल्या पंधरा दुचाक्या, मग कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, ज्याचे बांबू बरोबर मधोमध रोवलेले. रस्त्यावर उतरा, परत चढा. चढताना पायरी गुडघ्याएवढी. बाबा प्रत्येक वेळी माझ्या खांद्यावर हात टेकून चढत होते आणि मी मनातल्या मनात त्या भाऊंना उदंड आयुष्य चिंतत होते, पण फ्लेक्सवर होतं त्या शब्दांत नाही.

नाशिक फाट्यापाशी डोक्यावर पुलांची उतरंड लागली. पुलावरून गाड्या भुर्रकन कुठल्या कुठे जातात, खाली माणूस दोन खांबांच्या मधे अडकून उभा राहतो. मी म्हटलं, बाबा, पलीकडच्या बाजूने जाऊ, तिथे सावली आहे. ते नाही म्हणाले. का, तर आपली बाजू ही. मला वाटलं, रस्ता ओलांडायची भीती वाटत असेल. पुढे दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच उत्तर. डावी बाजू सोडायची नाही म्हणजे नाही.

मग हळूहळू उलगडा झाला. कंपनीच्या बसमध्ये बाबांची जागा ठरलेली होती: दाराच्या मागची पहिली सीट, डावी खिडकी. पहिल्या पाळीची बस आम्हाला कासारवाडीत पाच पंचावन्नला घ्यायची, म्हणजे त्यांना घ्यायची. ज्यांनी कंपनीच्या बसने नोकरी केली त्यांना ठाऊक असेल, तिथे जागेवर नाव लिहिलेलं नसतं, पण देवळातल्या पुजाऱ्याचीही जागा एवढी पक्की नसते. कुणी नवा मुलगा चुकून बसला तर अख्खी बस त्याच्याकडे बघत राहते. आणि दारामागच्या खिडकीवाल्याला एक कामही असतं. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. स्टॉपवरून बस हलली आणि कुणी पळत येताना दिसला, की खिडकीवाल्याने हात बाहेर काढून पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब. माणूस चढला की दोन थापा, म्हणजे चल. बाबांनी हे काम एकोणतीस वर्षं केलं. बसमध्ये त्यांना कुणी शिंदे म्हणतच नसे, ‘खिडकी’ म्हणत.

त्यामुळे माझ्या या सहलीला जो गाईड मिळाला होता तो अर्ध्याच शहराचा होता. डाव्या बाजूचं त्यांना सगळं पाठ. इथे रंगाची कंपनी होती, काचा लावल्या तरी वास यायचा. इथे डेअरी. इथे पाठक चढायचा, डब्यात रोज तीच मेथी. यातलं आज एकही जागेवर नाही, रंगाच्या कंपनीत वीस मजली टॉवर उभे आहेत आणि डेअरीत मोटारींची शोरूम. तरी ते बोट दाखवून सांगत होते आणि मी नसलेल्या गोष्टींचे फोटो कसे काढायचे या विवंचनेत होते. मग मी उजवीकडे बोट केलं, त्या भल्यामोठ्या जुन्या गेटकडे, आणि विचारलं ते काय होतं. बाबांनी मान वळवून बघितलं, नीट बघितलं.

‘‘ते मला काय माहीत,’’ ते म्हणाले. ‘‘ते परतीचं.’’

परतीच्या वाटेवर ते झोपायचे. बस कंपनीच्या गेटबाहेर पडली की डोळे मिटायचे आणि कासारवाडीला कुणीतरी हलवून उठवायचं. तेहतीस वर्षांत या शहराची दुसरी बाजू त्यांनी पाहिलेलीच नव्हती. मला हसू यायला हवं होतं. पण तोवर ऊन वर आलं होतं, मेट्रोच्या वाढीव कामाच्या पत्र्यांनी रस्ता अर्धा केला होता आणि एका डंपरने आम्हाला आपादमस्तक धुळीत न्हाऊ घातलं होतं.

पिंपरीला रेल्वेवरचा पूल ओलांडून आम्ही कॅम्पात उतरलो. इथे मात्र माझं जुनं म्हणणं कायम आहे: सकाळी पिंपरीत आलात आणि दाल-पकवान न खाता गेलात तर तुमचा तुम्हीच दोष. मैद्याची कडक तळलेली पोळी, तिच्यावर हरभऱ्याची मऊ डाळ, चिंचेची चटणी, कांदा. साठ रुपये प्लेट, दोघांत एक घेतलीत तरी पोट भरतं. बाबांनी तुकडा तोडला, डाळीत बुडवला, खाल्ला आणि याच्यापेक्षा भाकरी बरी असा निकाल दिला. मग हात पुसत, दुसरीकडे बघत, त्यांनी सावंतांचं सांगितलं.

सावंत म्हणजे बसमधले त्यांचे शेजारी. अकरा वर्षं एका सीटवर मांडीला मांडी लावून बसलेले. संगमेश्वरकडचे, बाबांहून दोनेक वर्षांनी मोठे. दोघांच्या डब्यातलं लोणचं एक, विड्याचं पान अर्धं अर्धं. एकमेकांच्या घरी मात्र कधी गेले नाहीत, कारण सुट्टीच्या दिवशी दोघांनाही झोपायचं असायचं. नंतर सावंत दुसऱ्या खात्यात गेले, बसही सोडली, मग कधीतरी निवृत्त झाले. रविवारी गावी जायच्या आधी त्यांना एकदा भेटायचं होतं. इतकंच म्हणाले.

मी म्हटलं, मग हे काल का नाही सांगितलं? तुमच्या कंपनीतल्या जुन्या लोकांचा ग्रुप आहे, मी दोन मिनिटांत नंबर काढला असता. बाबा म्हणाले, ग्रुपवर विचारलं की सगळे विचारणार, कशाला पाहिजे. मी म्हटलं, मग सांगायचं, भेटायचंय. मी मोबाईल बाहेर काढला तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि नको म्हणाले. माझ्या वडिलांनी माझा हात असा शेवटचा कधी धरला होता ते मला आठवेना. मोबाईल पर्समध्ये टाकला, पण कुरकुर चालूच ठेवली.

चिंचवड स्टेशनला पोचायला साडेनऊ झाले. तिथला बसचा जुना स्टॉप आता नाही, त्या जागी बॅरिकेड आहेत आणि ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असा फलक. बाबा त्या फलकापाशी जाऊन उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, इथंच चढायचा, म्हणजे इथंच कुठंतरी राहत असणार.

पुढचे दोन तास मी विसरायचा प्रयत्न करते आहे. डाव्या बाजूला स्टेशनच्या अंगाने जेवढ्या गल्ल्या, झोपडपट्टीतल्या जेवढ्या बोळी, तेवढ्या आम्ही पालथ्या घातल्या. पानवाल्याला विचारलं, सायकल दुरुस्तीवाल्याला विचारलं, स्टेशनवरच्या पार्सलवाल्याला विचारलं. तीन सावंत सापडले. एक साताऱ्याचा रिक्षावाला निघाला, एक जेमतेम चोवीस वर्षांचा, आणि तिसऱ्याची नुसती पाटी होती, वकील, कार्यालय पहिला मजला, ते बंद. बाबा प्रत्येकाला तोच तपशील द्यायचे: उंच, नाक सरळ, सहा बाराला चढायचे. सहा बारा ऐकून लोक माझ्याकडे बघायचे. कुणाच्या घराचा पत्ता बसच्या टायमिंगवरून लागत नाही, हे यांना कोण सांगणार? मी सांगितलं. तीनदा सांगितलं, शेवटी जरा जास्तच मोठ्याने, भर रस्त्यात. म्हटलं, तुमच्यापायी माझं देऊळ राहिलं, आकुर्डी राहिली, निगडीचं तर नावच काढायला नको. वाचकांना मी काय दाखवू, तीन चुकीचे सावंत? बाबा ऐकून घेत होते. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी फक्त विचारलं, अजून ती एक गल्ली राहिली का.

राहिली नव्हती. आम्ही कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर बसलो. गाडा एका सत्तरीच्या बाईंचा, कपाळाला मोठं कुंकू, हातात किटली घट्ट धरलेली. इथल्याच जुन्या गाववाल्या, गेली चाळीस वर्षं याच जागी चहा विकणाऱ्या. बारा रुपयांना आलं घातलेला फक्कड चहा, हवा तर नोंद करून ठेवा. मी वैतागून त्यांनाच सगळी कर्मकथा ऐकवली: कंपनीची बस, पहिली पाळी, सावंत. बाईंनी कपात चहा ओतता ओतता बाबांकडे पाहिलं.

‘‘आवं, सकाळची बस ह्या अंगाला लागायची, म्हनून ती मान्सं ह्या अंगाला उभी ऱ्हायची,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ऱ्हायला समदी पलीकडं, मोहननगरात. हितं कोन ऱ्हातंय? हितं रेल्वे हाय.’’

मी कप खाली ठेवला. खरोखर डोक्याला हात लावला. अकरा वर्षं शेजारी बसणारा माणूस रोज सकाळी रस्ता ओलांडून इकडे यायचा, आणि पाळी सुटल्यावर बस त्याला पलीकडे, थेट त्याच्या गल्लीच्या तोंडाशी सोडायची. ते आमच्या बाबांना कसं दिसणार? ते परतीचं. सावंत उतरताना बाबा घोरत असायचे.

आता पलीकडे जायचं होतं. नकाशात हे अंतर दिसतही नाही. प्रत्यक्षात मधे सर्व्हिस रोड, मग मेट्रोचे पत्रे, मग वेगातल्या गाड्यांचा मुख्य रस्ता, मधे दुभाजक, परत तेच उलट्या क्रमाने. सिग्नल शोधत मागे गेलो, पादचाऱ्यांचा हिरवा माणूस सात-आठ सेकंद पळाला आणि लाल झाला. बाबांचा गुडघा तेवढ्या वेळात निम्म्यापर्यंतच पोचतो. आम्ही दुभाजकावर अडकलो. पुढून बस, मागून टँकर, उभं राहायला दीड वीत जागा, आणि माझ्या वडिलांनी बोलायला हीच जागा निवडली.

सावंतांना बढती मिळाली होती. मशिनवरून सुपरवायझर. यादीत बाबांचंही नाव येणार असं सगळे म्हणत होते, पण नाव सावंतांचं आलं. सावंतांनी बसमध्ये पेढे वाटले, पहिला पेढा खिडकीला दिला. बाबांनी तो खाल्ला. दुसऱ्या दिवशी, सुपरवायझर म्हणून सावंतांच्या पहिल्याच दिवशी, सहा बाराला ते स्टॉपवर नव्हते. बस क्षणभर थांबली आणि हलली, आणि बाबांना खिडकीतून सावंत पळत येताना दिसले. नवा शर्ट, एका हातात डबा.

‘‘हात भाईर काढला हुता मी,’’ बाबा म्हणाले. ‘‘न्हाई मारली थाप. परत आत घेतला.’’

मागून टँकरवाला हॉर्न वाजवत गेला. त्या दिवशी सावंत कशानेतरी कंपनीत पोचले, पाऊण तास उशिरा, आणि साहेबाने शॉपफ्लोअरवरच्या सगळ्या पोरांसमोर त्यांना उभं करून झापलं, ज्यांच्यावर त्यांनी त्याच दिवसापासून देखरेख करायची होती त्यांच्यासमोर. दुसऱ्या दिवशी सहा बाराला स्टॉपवर कुणी नव्हतं. सावंतांनी हप्त्याने स्कूटर घेतली आणि पुन्हा कधी बसमध्ये चढले नाहीत. मी तेव्हा पाचवीत होते. म्हणजे सव्वीस वर्षं हा माणूस आपल्या पोटात हे घेऊन हिंडत होता, आईलाही बोलला नव्हता. आता रविवारी गेला की परत येणार नव्हता, म्हणून आज. मी सकाळपासून त्यांच्यावर केलेली ओरड मला आठवली आणि लाज वाटली. त्याच वेळी रागही आला, कारण हे ते घरी, पंख्याखाली बसूनही सांगू शकले असते. हिरवा माणूस पुन्हा पळायला लागला. मी त्यांचा दंड धरला आणि गाड्यांना हात दाखवत पलीकडे नेलं.

मोहननगरात पंधरा मिनिटं लागली. पिठाच्या गिरणीवाल्याने विचारलं, कोकणातले सावंत काका का, तिसरी गल्ली, दारात बंद पडलेली स्कूटर दिसेल. दिसली. निळं प्लास्टिक पांघरून, हवा गेलेली, सीटवर मांजर. बाबा तिच्याकडे बघत उभेच राहिले, त्यामुळे दार मलाच वाजवावं लागलं.

दार सावंतांनीच उघडलं. अजून उंच, नाक अजून सरळ, बनियन आणि लुंगी. त्यांनी आधी मला पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. ‘‘खिडकी?’’ एवढंच म्हणाले.

मग काय झालं विचाराल, तर काहीच नाही. पाऊण तास काहीच नाही. आत बसलो, सावंतकाकूंनी पाणी दिलं, कोकम सरबत दिलं, चहा टाकला. दोघांनी आपापली शुगर सांगितली. कोण कोण गेलं त्याची उजळणी झाली. पाठक गेला, मेथीचा डबावाला. गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च, कुठला डॉक्टर, मुलगा कुठे असतो, चाकणला, रोज दीड तास ट्रॅफिकमध्ये. मी काकूंशी आंबोळ्यांबद्दल बोलत होते आणि एक कान तिकडे ठेवून होते. बाबा कप बशीत फिरवत होते. मला वाटलं, हे आता निघतील. एवढं शहर उन्हात तुडवून, माझं सगळं वेळापत्रक मोडून, हा माणूस शुगर सांगून परत जाणार. मी उठले, म्हटलं, बाबा, निघायचं ना?

बाबा उठले नाहीत. कपाकडे बघत म्हणाले, ‘‘सावंत, त्या दिवशी मी बघितलं हुतं तुला. पळताना.’’

काकू दारात थांबल्या.

‘‘ठाऊक आहे,’’ सावंत म्हणाले. ‘‘मी खिडकीकडे बघूनच पळत होतो. तुझा हात दिसला मला, बाहेर आलेला. म्हटलं, बस थांबली. मग तो आत गेला.’’ पुढे म्हणाले, ‘‘इस्त्री करत बसलो होतो रे, नव्या शर्टाला. म्हणून उशीर झाला.’’

बाबांनी मान हलवली. चुकलं असं त्यांनी म्हटलं नाही, जाऊ दे असं सावंतांनी म्हटलं नाही. मी दोघांच्या तोंडाकडे बघत होते. आमच्याकडच्या पुरुषांना एक सरळ वाक्य बोलायला जे कष्ट पडतात त्यात एखादी लेथ मशिन चालेल. शेवटी काकू म्हणाल्या, चहा निवला. सावंतांनी कप बाजूला सारला, खुंटीवरचा शर्ट चढवला आणि चला, स्टॉपपर्यंत येतो म्हणाले.

परतीचा स्टॉप त्याच बाजूला होता, त्यामुळे रस्ता ओलांडायचा नव्हता, तेवढी देवाची कृपा. निगडीचा विचार मी केव्हाच सोडून दिला होता. गल्लीतून मोठ्या रस्त्याला येताना बाबा मागे पडले. सकाळपासूनचं चालणं आता गुडघ्यात उतरलं होतं, आणि वाटेत खडीचा ढीग होता, त्याला वळसा घालून यायचं होतं. मी आणि सावंतकाका स्टॉपवर पोचलो तोच कासारवाडीकडे जाणारी बस आली. दोन माणसं उतरली, तीन चढली. मी पायरीवर पाय ठेवला आणि कंडक्टरला म्हटलं, एक मिनिट, मागे एक जण आहेत. त्याने मान हलवली, पण पुढे ड्रायव्हरला ऐकू गेलं नाही, बस हलली. मी दांड्याला धरून अर्धवट लोंबकळले. खडीच्या ढिगापासून बाबांनी मला जाताना पाहिलं आणि ते पळायला लागले. त्या गुडघ्यांनी, हातात माझी पाण्याची बाटली घेऊन. मी त्यांना पळताना कधी पाहिलेलं नाही.

सावंतकाका बसच्या बाजूने दोन पावलं धावले आणि पत्र्यावर तळहाताची एक सणसणीत थाप मारली.

बस जागच्या जागी थांबली. ड्रायव्हरने बाहेर डोकं काढून काहीतरी सुनावलं, सावंतकाकांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते बाबांकडे बघत होते. बाबा आले, धापा टाकत, दांडा धरला, एक पाय वर घेतला, दुसरा घेतला. मागे वळून बघावं असं त्यांना वाटलं असेल, पण मागून पत्र्यावर दोन थापा पडल्या आणि बस निघाली.

दारामागची पहिली सीट रिकामी होती. बाबा खिडकीशी बसले. मी तिकिटं काढली, घाम पुसला, आणि आता हे झोपणार म्हणून खांदा तयार ठेवला. ते झोपले नाहीत. चिंचवड स्टेशनपासून कासारवाडीपर्यंत ते काचेला नाक लावून बघत होते. सकाळी मी बोट दाखवलेलं ते मोठं गेट आलं तेव्हा त्यांनी मला कोपराने ढोसलं आणि पाटी वाचून दाखवली. मग शाळा, मग एक मारुतीचं देऊळ, मग एस.टी. स्टँडकडे जाणारा रस्ता. सगळं मला दाखवत होते, जणू मी या गावात नवीन आहे. अर्ध्या तासात सकाळची सगळी पायपीट उलटी उलगडून घरी पोचलो.

तर वाचकहो, हिशेब सांगायचा तर पंधरापैकी सात किलोमीटर चालले, देऊळ नाही, शिल्प नाही, भेळ नाही. पिंपरी-चिंचवड पायी बघण्यासारखं आहे का? नाही. अजिबात नाही. लहान मुलं आणि गुडघेदुखीवाले असतील तर विचारही करू नका, टोपी आणि पाणी न्या, रस्ता फक्त सिग्नलवर ओलांडा आणि तिथेही देवाचं नाव घ्या. ज्याने तो शेरा मारला होता त्या भल्या गृहस्थाने एकदा स्वतः चालून बघावं, मी चहा पाजीन, बाईंच्या गाड्यावर.

संध्याकाळी बाबांनी बादलीत गरम पाणी घेऊन पाय सोडले. खोलीत गावी न्यायच्या पेट्या बांधून ठेवलेल्या होत्या. मी समोर बसून पायाच्या फोडाला मलम लावत होते आणि माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नव्हती. एवढं सगळं करून सावंतकाका तर काही बोललेच नाहीत. मी विचारलं, बाबा, त्यांनी माफ केलं की नाही तुम्हाला, काही कळलं का?

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की ही पोरगी एवढी शिकली कशाला.

‘‘बस थांबवली की त्यानं, माय,’’ ते म्हणाले, आणि अजून थोडं गरम पाणी आण म्हणाले.